नाकासमोरचं पोतं

१

बुधवारी सकाळी मी व्हॅन गॅरेजला दिली तेव्हा क्लच प्लेट बदलायचे नऊ हजार ठरले होते. शुक्रवारी सकाळी दहा वाजता काचेच्या केबिनमधल्या शेठनं माझ्यापुढे कागद सरकवला. त्यावर चौऱ्याऐंशी हजार लिहिलं होतं.

मला वाटलं दुसऱ्या कोणाचा कागद आला. पण वर नंबर माझ्याच व्हॅनचा होता.

"गिअरबॉक्स गेला, ताई," शेठ म्हणाला. आवाज असा, की घरचंच कोणी गेलंय. "क्लचसाठी खाली उतरवला, तर आत दात तुटलेले. आता नवीनच घालावा लागेल."

"पण मी चालवत आणली होती. सगळे गिअर नीट पडत होते."

"माणूससुद्धा पडेपर्यंत चालतच असतो, ताई."

त्यानं मला मागे नेलं. या गॅरेजची एक पद्धत आहे. गाडीचे काढलेले भाग त्या गाडीच्या नाकासमोर एका पोत्यावर मांडून ठेवतात, म्हणजे कोणाचं काय ते लिहावं लागत नाही. माझ्या व्हॅनच्या नाकासमोरच्या पोत्यावर गिअरबॉक्स उघडा पडला होता. म्हातारे मिस्त्री त्याच्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी बोट आत घालून एकेक दात चाचपला आणि तुटलेल्यापाशी थांबले.

"हे बघा," म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मी पाहिलं. दोन दात खरंच मोडले होते. बाहेरून गिअरबॉक्सच्या डब्याला ग्रीस होतं आणि सांध्यांत काहीतरी पांढरं घट्ट बसलं होतं.

"मग मी दुसरीकडे दाखवते," मी म्हणाले.

शेठनं हात पसरला. बुधवारी मी व्हॅन रस्त्याकडच्या दाराशी लावली होती. आता ती पार मागच्या भिंतीला होती. पुढे एक चाकं काढलेली गाडी विटांवर उभी होती, तिच्यापुढे दुसरी. माझी व्हॅन कपाटामागे पडलेल्या कंगव्यासारखी झाली होती. दिसत होती, पण हात पोचत नव्हता.

"न्यायची तर क्रेन आणा," शेठ म्हणाला. "खोलल्याचे पैसे आम्ही घेणार नाही. मिस्त्रीच म्हणाले, त्यांच्याकडून घेऊ नका."

तेवढ्यात शाळेच्या ऑफिसमधून फोन आला. बाई सरळ मुद्द्यावर आल्या. दोन दिवस पालकांनी सांभाळून घेतलं. सोमवारी सकाळी सात वाजता व्हॅन फाटकाशी नसेल, तर माझी सोळा मुलं दुसऱ्या व्हॅनला जातील. कायमची.

२

हे गेले तेव्हा माझ्यासाठी दोन गोष्टी ठेवून गेले, एक व्हॅन आणि एक नणंद. दोन्ही जुन्या, दोन्हींचा आवाज मोठा आणि दोन्हींशिवाय माझं चालत नाही.

वन्सं कपडे शिवतात. कोट, विजारी, पडदे, गणवेश. मी पोचले तेव्हा त्या मशीनवर होत्या. मी रडगाणं सुरू केलं, त्या शिवण घालत राहिल्या. चौऱ्याऐंशीचा आकडा आला तेव्हा मात्र त्यांचा पाय थांबला.

"त्याला पैसे नकोत," वन्सं म्हणाल्या.

"नकोत कसे? चौऱ्याऐंशी मागतोय."

"अगं, ज्याला लुबाडायचं असतं, तो गिऱ्हाईक देईल इतकंच मागतो. नऊचे वीस सांगितले असते, तर तू रडत का होईना दिले असतेस. चौऱ्याऐंशी तू देणार नाहीस हे आंधळ्यालाही कळतं. एखादं काम मला करायचंच नसतं, तेव्हा मीही असाच भाव सांगते. गिऱ्हाईक आपणहून उठून जातं आणि वाईटपणा येत नाही."

"म्हणजे मला हाकलतायत?"

"वर खोलल्याचे पैसेही सोडलेत. जाता जाता ओटी भरल्यासारखे."

दारात चपला वाजल्या आणि माझे धाकटे दीर आत आले. हे गॅरेज त्यांनीच सुचवलं होतं. गेले वर्षभर ते मला व्हॅन विकायला सांगत होते. बाईमाणसानं किती दिवस रस्त्यावर, वगैरे.

"वहिनी, ऐकलं मी," ते म्हणाले. "आता हट्ट सोडा. आहे तशा व्हॅनला चाळीस हजार द्यायला एक जण तयार आहे. रोख. उद्या संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं."

मी वन्संकडे पाहिलं. वन्सं भावाकडे पाहत होत्या. कापड कुठून कापायचं ते ठरवताना पाहतात तशा.

"हिच्या कागदावर तारीख कालची आहे," वन्सं म्हणाल्या. "हिला आज दहाला कळलं. तुझं गिऱ्हाईक तयार कधी झालं रे?"

दिरांचा चेहरा उतरला.

"काल," ते म्हणाले.

३

वन्संनी त्यांना स्टुलावर बसवलं. लहानपणी गणितं सोडवून घ्यायच्या तसंच.

"तुला यात किती मिळणार?"

"ताई, मी घरचा माणूस आहे."

"म्हणूनच विचारतेय. परक्याला विचारलं नसतं."

"दोन हजार," दीर पुटपुटले. "पण वहिनींचं भलंच होतंय ना. भंगारवाला पंधराच्या वर देणार नाही."

"गिऱ्हाईक कोण?"

"माहीत नाही. खरंच. फोनवर एक माणूस होता. म्हणाला, माझ्या नातेवाइकाला हवीय, नाव सांगायचं नाही."

ते गेल्यावर मी म्हणाले, "वन्सं, हे भावजींचंच काम. गॅरेजही त्यांचं, गिऱ्हाईकही त्यांचं."

"दोन हजारांसाठी? तो दोनशेसाठीही एवढी धावपळ करील, पण डोकं चालवणार नाही. लहानपणापासून ओळखते. मला दुसरंच खुपतंय. मोडक्या व्हॅनला कोणी भंगाराच्या दुपटीहून जास्त का देईल? एकीकडे दुरुस्तीचा भाव चढा, दुसरीकडे खरेदीचा भाव चढा. उसवणारा आणि रफू करणारा एकच असेल, तरच असं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चल, गॅरेज दाखव."

दुपारी दोन वाजता आम्ही तिथे पोचलो. शेठ जेवायला गेला होता. काउंटरवरची मुलगी फोनवर हसत होती. वन्संनी तिच्या कुर्त्याची बाही खांद्यात ओढतेय हे सांगून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत दोघी मैत्रिणी झाल्या.

"मिस्त्री असा नवा माल लिहून देतात का गं नेहमी?"

"छे हो मावशी. शेठ म्हणतात, हे नवा माल खपवतच नाहीत, जुनाच घासून बसवतात. मलाही नवल वाटलं. एवढी मोठी यादी त्यांनी कधी दिली नव्हती."

"आणि हिची व्हॅन दारातून मागे कोणी नेली?"

"बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ढकलली. एका डॉक्टरांची मोठी गाडी ऐनवेळी आली, तिला जागा हवी होती. तेव्हा मिस्त्री घरी गेले होते. दोन्ही व्हॅन इकडच्या तिकडे केल्या."

"दोन्ही?"

"एक यांची, एक सिमेंटच्या डेपोची. अगदी सारख्याच दिसतात. तिचीही क्लच प्लेटच होती. काल सकाळी गेली ती."

वन्सं मला घेऊन मागे गेल्या. गाड्यांमधल्या फटीतून आम्ही आडव्या होऊन शिरलो. त्यांना शिरायला जरा वेळ लागला. वाटेत एका आरशाची माफी मागावी लागली. पोत्यापाशी बसून त्यांनी डब्यावरचा पांढरा थर अंगठ्यानं घासला, मग पदराची पिन काढून खरवडला. तो निघाला नाही.

"धूळ पुसली जाते," त्या म्हणाल्या. "हे भिजून वाळलेलं आहे. आता तू वाक. तुझ्या व्हॅनखाली बघ. बाकी कुठे असं पांढरं आहे?"

मी मोबाइलचा उजेड पाडला. चिखल होता, ग्रीस होतं, कुठल्याशा मुलाच्या डब्यातून सांडलेल्या सरबताचा ओघळसुद्धा होता. पांढरा ठिपका मात्र एकही नव्हता.

"कोट स्वच्छ आणि खिसाच तेवढा मळका," वन्सं म्हणाल्या. "असा खिसा त्या कोटाचा नसतो."

मागे कोणीतरी खाकरलं. मिस्त्री उभे होते. हातात पाना होता आणि मागे जायला आम्हाला वाट नव्हती.

"बाई," ते वन्संना म्हणाले, "चाळीसाला द्या म्हणावं. यापेक्षा जास्त मला जमत नाही."

४

आपण काय बोलून गेलो ते मिस्त्रींना बहुधा बोलल्यावर कळलं असावं. वळले आणि मुतारीकडे निघून गेले, ते आम्ही असेपर्यंत बाहेर आले नाहीत.

मी त्यांच्यामागे जायला निघाले, तर वन्संनी हात धरला.

"आत्ता नको. कोंडलेल्या माणसाला दारावर धडका मारून बाहेर काढता येत नाही. आधी खात्री करू."

सिमेंटचा डेपो गावाच्या कडेला होता. जमीन पांढरी, भिंती पांढऱ्या, माणसांच्या भुवयाही पांढऱ्या. डबक्यांत पाणी साचलेलं आणि त्यातून व्हॅन येत-जात होत्या. अगदी माझ्या व्हॅनसारखी एक मध्यावर उभी होती आणि तिचा ड्रायव्हर आरशात भांग पाडत होता.

"मलाही अशीच घ्यायचीय," वन्सं खुशाल थापा मारू लागल्या. "गिअर फार जड असतात म्हणे."

"परवापर्यंत होते की," तो म्हणाला. "दुसरा टाकायला दोन हात आणि एक शिवी लागायची. क्लच काय बदलला, गाडी तरणीताठी झाली. आता बोटानं पडतो. मिस्त्रींच्या हातात जादू आहे, काकू."

मी तोवर गुडघ्यांवर बसले होते. व्हॅनचं सगळं पोट पांढरं होतं, वर्षानुवर्षांचे थर. फक्त मधोमध एक डबा काळा, तेलकट, स्वच्छ. गर्दीत आपलं माणूस पाठमोरं ओळखू यावं, तसा तो मी ओळखला.

"मावशी, काही पडलंय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"सापडलंय," मी म्हणाले.

पण सापडून उपयोग काय, हे परतीच्या वाटेवर कळलं. डेपोच्या आठ व्हॅन याच गॅरेजला येतात. माझा डबा परत द्या म्हणून मी उभी राहिले, तर डेपोवाले म्हणतील, आमचा चांगलाच होता. शेठ आठ व्हॅनवाल्यांचं ऐकेल की एका व्हॅनवालीचं? हातात पुरावा होता आणि मी होते तिथेच होते. व्हॅन भिंतीला, मी कात्रीत, आणि सोमवारला दोन दिवस.

५

शनिवारी सकाळी मिस्त्री गॅरेजच्या बाकावर एकटेच चहा पीत होते. वन्सं शेजारी बसल्या. मी समोर उभी राहिले. मनात सतरा वाक्यं तयार होती, पण वन्संनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"मिस्त्री, मी सांगते, चुकलं तर थांबवा," त्या म्हणाल्या. "बुधवारी तुम्ही दोन्ही व्हॅनचे गिअरबॉक्स उतरवलेत आणि आपापल्या गाडीच्या नाकासमोर पोत्यावर ठेवलेत. घरी गेलात. मागे यांनी व्हॅन ढकलून जागा बदलल्या, पण जड पोती तिथेच राहिली. सकाळी तुम्ही आलात आणि दाराशी जी व्हॅन होती तिला तिच्या नाकासमोरचा डबा बसवलात. इतकी वर्षं हेच करताय, विचारायचं काय त्यात. ती व्हॅन डेपोची होती आणि डबा हिचा."

मिस्त्री कपात बघत होते.

"दुपारी हिच्या व्हॅनला उरलेला बसवलात, तेव्हा गिअर करकरले. खोललात, दात तुटलेले. तेव्हा कळलं. तोवर डेपोची गाडी गेलेली. मग तुम्ही असा भाव लिहिलात की ही व्हॅनचा नाद सोडेल, आणि ती आपल्याच पैशांनी विकत घ्यायला निघालात. चूकही झाकली जाईल, हिच्या हातातही काही पडेल. बरोबर?"

"फोन मेहुण्यानं केला," मिस्त्री म्हणाले. "पैसे माझे. सगळे तेवढेच होते."

इतका वेळ मला त्यांचा राग येत होता. तो टिकवायचा मी प्रयत्न केला. "तुम्हाला कळतं का," मी म्हणाले, "माझी सोळा मुलं जातील त्यानं. व्हॅन म्हणजे काय माझ्याकडे शोभेला आहे?"

"कळतं, ताई. म्हणून चाळीस."

"पण एक मला कळत नव्हतं," वन्सं म्हणाल्या. "डेपोच्या व्हॅनचं पोट सगळं पांढरं आणि हातातला डबा काळा. इतका फरक बसवताना दिसला कसा नाही?"

वन्संनी आवाज उतरवला.

"हिनं सांगितलं मला, तुम्ही दात बोटानं मोजलेत म्हणून. किती दिवस झाले दिसत नाही त्याला?"

कोणीतरी आत हातोडा मारत होतं.

"वर्ष," मिस्त्री म्हणाले. "हाताला सगळं दिसतं. उजेड कमी असला की रंग जातात. शेठला कळलं तर एक दिवस ठेवणार नाही."

"मलाही सुईत दोरा ओवायला हिला हाक मारावी लागते," वन्सं म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना वाटतं, नुसतीच भावजयीवर हुकूम सोडतेय."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या हुकूमच सोडतात.

"आता ऐका. हिनं शेठला सांगितलं, तर ती तक्रार होईल आणि शेठ तुमच्या बाजूनं खोटं बोलेल. तुम्ही सांगितलंत, तर ती चूक असेल. चूक दुरुस्त करता येते. आणि त्या डेपोवाल्याकडे डबा परत मागू शकेल असा माणूस या गावात एकच आहे, तो त्या काचेत बसलाय."

मिस्त्रींनी कप बाकाखाली ठेवला. उठले, हात पुसले. परत पुसले. मग काचेच्या केबिनचं दार उघडून आत गेले.

आवाज बाहेर येत नव्हता. शेठ हसत होता, तो हसायचा थांबला. मिस्त्री उभेच होते. शेठ उठला, टेबलाच्या या बाजूला आला, हात हवेत उडवू लागला. मिस्त्रींनी एकदा दाराकडे बोट केलं, एकदा भिंतीकडे. मग हळूच स्वतःच्या डोळ्यांकडे. शेठचे हात खाली आले. तो खुर्चीत बसला आणि कितीतरी वेळ त्यानं फोन उचललाच नाही.

फोन उचलला नाही तर संपलं.

मग त्यानं उचलला.

६

शेठ बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच मला ताई म्हणाला नाही. "गाड्या ढकलायला मीच लावलं होतं," एवढंच म्हणाला, तेही भिंतीकडे बघत. डेपोची व्हॅन रविवारी येणार होती, डेपो बंद असतो म्हणून. तिचा स्वतःचा डबा गॅरेजच्या खर्चानं दुरुस्त होणार होता. मला नऊ हजार पडणार होते, ठरले होते तेवढेच.

रविवारी दिवसभर मी बाकावर बसून होते. मिस्त्री व्हॅनखाली आणि माझे दीर विजेरी धरून शेजारी. दोन हजारांचं प्रायश्चित्त म्हणून वन्संनी त्यांना पाठवलं होतं. मिस्त्री हात पुढे करायचे, दीर त्यावर चुकीचा पाना ठेवायचे, मिस्त्री न बघता तो परत द्यायचे. संध्याकाळी पुढच्या दोन गाड्या हलल्या आणि माझी व्हॅन चार दिवसांनी मागे-पुढे होत दाराबाहेर आली. मी गिअर टाकले. सगळे पडले.

"उद्याच्या पहिल्या फेरीला मी येतो," मिस्त्री म्हणाले. "भार असताना ऐकायला हवा."

सोमवारी सव्वासहाला ते माझ्या दाराशी उभे होते, धुतलेला शर्ट घालून. पहिल्या थांब्यावर चढलेल्या पोरीनं विचारलं, "हे आजोबा कोण?"

"डॉक्टर आहेत. व्हॅनला तपासायला आलेत."

"मग डोळे का मिटलेत?"

"तपासतायत."

सोळा मुलं भरली. मागे एकाचं दप्तर दुसऱ्याच्या डोक्यावर, एकाला खिडकी हवी, एकीला उलटी होतेय की होणार आहे यावर वाद. या सगळ्यातून मिस्त्री फक्त गिअरबॉक्स ऐकत होते. चढाला मी दुसरा टाकला तेव्हा त्यांनी मान हलवली. सातला पाच कमी असताना आम्ही शाळेच्या फाटकाशी होतो. ऑफिसच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, वहीत काहीतरी खोडलं आणि खिडकी लावून घेतली.

मुलं उतरली. मिस्त्रीही उतरले. मला वाटलं, परत गॅरेजला सोडायचंय. पण ते दुसऱ्या दिशेनं चालू लागले, एका हातानं भिंतीचा अंदाज घेत.

मी व्हॅन हळू करून शेजारी नेली. "मिस्त्री, गॅरेज मागे राहिलं."

"आज सुट्टी आहे."

"आणि उद्या?"

ते थांबले. माझ्याकडे नाही, इंजिनाच्या आवाजाकडे तोंड करून उभे राहिले.

"उद्याही," म्हणाले. "आठवडाभर दुसरा गिअर जरा हळू टाका, ताई. नवीन प्लेट आहे."

मी पलीकडचं दार उघडलं. ते बसेपर्यंत मी थांबले. मग दुसरा हळू टाकला.